तांबडपाड्याचं शून्य

नाशिक
९ जून २०२५

रोशनी,

काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. मार्चमध्ये आमच्या संस्थेला जिल्ह्यातल्या बारा गावांचा अभ्यास मिळाला. प्रश्न असा : बालमृत्यू कमी झाले की गावाचं उत्पन्न वाढतं, की उत्पन्न वाढलं की बालमृत्यू कमी होतात?

२. बारा गावांत सुरगाणा तालुक्यातला तुमचा तांबडपाडा आहे. तो मी निवडला नाही, चिठ्ठीत निघाला.

३. जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि तुझ्या उपकेंद्राच्या लसीकरण रजिस्टरची प्रत मी तपासली. २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत तांबडपाड्यात जन्म ३९. एक वर्षाखालच्या मुलांचे मृत्यू शून्य.

४. त्याच काळात पाड्याची लोकसंख्या ६१२ वरून ५४८ झाली.

५. माझा तक्ता जिल्ह्याच्या एका समितीपुढे गेला. माणसं कमी होत आहेत आणि मुलं दगावत नाहीत, तेव्हा तांबडपाड्याचं उपकेंद्र खाली रस्त्यावरच्या गावात हलवावं, असं समितीचं मत झालं आहे. अंतर अकरा किलोमीटर.

६. अंतिम बैठक १८ ऑगस्टला आहे.

७. मी तुला चार वेळा फोन केला. लागला नाही.

तू त्या उपकेंद्रात नर्स आहेस, आणि वसतिगृहात तीन वर्षं माझ्या खोलीत होतीस. म्हणून कागद येण्याआधी तुला कळवते आहे. हे पत्र पेठ फाट्यावरून सुटणाऱ्या सहादूभाऊंच्या जीपने पाठवते.

एक गोष्ट मला समजत नाही. निफाड तालुक्यातलं द्राक्षाचं एक गाव या बारांत आहे. त्याला मी गाव क्रमांक सात म्हणते. वीस वर्षांत तिथलं उत्पन्न चौपट झालं. पक्की घरं, दोन खाजगी दवाखाने, दर घरी एक किंवा दोन मुलं. तरीही त्याच तीन वर्षांत तिथे ४६ जन्मांमागे पाच बालमृत्यू आहेत. म्हणजे पैसा नसलेल्या पाड्यात शून्य आणि पैसा असलेल्या गावात पाच. आमचे शेखर सर म्हणतात, दोन्ही गावं अपवाद समजून तक्त्यातून काढून टाक. मला काढायची नाहीत. दोन अपवाद एकाच वेळी, उलट्या दिशेने, हे मला विचित्र वाटतं.

तुला काही सुचलं तर लिही.

हर्षाली


तांबडपाडा
१८ जून

आकडेवाल्या बाई,

दोन वर्षांनी पत्र आलं, आणि तेही पंचनाम्यासारखं. पोलीससुद्धा आधी 'कशी आहेस' म्हणतात गं.

पहिली गोष्ट, पाकीट चिकटवत जा. सहादूभाऊंनी ते जीपमध्येच वाचलं आणि मागच्या बाकांवर ऐकवलं. त्यामुळे दवाखाना जाणार ही बातमी माझ्याआधी अख्ख्या पाड्याला कळली. मी लस द्यायला गेले तर बाया विचारतात, "सिस्टर, तुझी बदली कंदी?" मी म्हणते, "कसली बदली?" तर म्हणतात, "नाशकाच्या पोरीनं लिवलंय ना, पाच नंबरला."

दुसरी गोष्ट. ते शून्य खरं आहे. माझ्या हद्दीत तीन वर्षांत एकही तान्हं मूल गेलेलं नाही. त्याबद्दल मला तालुक्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते भिंतीवर लावलं आहे, काचेसकट. त्या शून्यासाठी मी गुडघाभर चिखलातून फिरले आहे. आणि आता तू म्हणतेस की ते शून्य आहे म्हणूनच मला इथून उचलणार. नववा महिना लागलेल्या बाईने अकरा किलोमीटर उतरायचं, पावसात मधला ओहोळ भरला की थांबायचं. चांगलं काम केलं त्याची ही शिक्षा का? समितीला विचार एकदा.

तुझा प्रश्न मी पुतळाबाईला सांगितला. ती पाड्यातली सगळ्यात म्हातारी, माझ्याआधी बाळंतपणं तीच करायची. मी म्हटलं, शिकलेले लोक म्हणतात की मुलं जगायला लागली की लोक कमी मुलं होऊ देतात, आणि मग गावात पैसा येतो. तिने तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्या येळेला आठ होयची, चार ऱ्हायची. आता दोन होतात, दोन्ही ऱ्हातात. मंग पैसा कुठं हाय? तिला म्हणावं, मी लय दिस वाट बघत्ये."

याचं उत्तर दे. ती दर दोन दिवसांनी विचारते आहे.

तुझ्या गाव क्रमांक सातबद्दल मला काही सुचत नाही. द्राक्षाच्या गावाचं मला काय माहीत?

रोशनी

ता.क. जेवतेस का नीट? तो रकाना तुझ्या पत्रात नव्हता.


नाशिक
२५ जून

रोशनी,

जेवते. पाकीट चिकटवलं आहे.

पुतळाबाईंना सांग : त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मुलं जगायला लागली की आईबाप दोनवर थांबतात. मग काही वर्षं अशी येतात की गावात कमावत्या वयाची माणसं जास्त आणि खाणारी तोंडं कमी असतात. त्या काळात उत्पन्न वाढायला हवं. तांबडपाड्याला तो काळ आत्ता चालू आहे. कमावती माणसं तुमच्याकडे आहेत. पण ती कमावतात कुठे, हे मी पाहिलं नव्हतं. वयाचा रकाना पाहिला, महिन्याचा नाही.

म्हणून या आठवड्यात दोन्ही गावांच्या नोंदी महिन्यांप्रमाणे लावल्या.

गाव क्रमांक सातमधले पाचही बालमृत्यू डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांतले आहेत. उरलेल्या आठ महिन्यांत तीन वर्षं मिळून एकही नाही. गावातल्या अंगणवाडीच्या यादीशी मी ती पाच नावं ताडून पाहिली. एकही त्या यादीत नाही. पत्त्याच्या जागी पाचही ठिकाणी 'मळ्यावरची खोली' लिहिलं आहे.

दुसरं. तुझ्या रजिस्टरात २२ मुलांच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा आहे. आमच्या पद्धतीप्रमाणे गाव सोडलेलं मूल जन्मांत धरतात, पण मृत्यूच्या हिशेबातून वगळतात. मी ती २२ वगळली होती. सगळे शेरे दिवाळीनंतरचे आहेत, भात कापून झाल्यावरचे.

आपल्याकडे मृत्यूची नोंद माणूस जिथला असतो तिथे होत नाही, जिथे मरतो तिथे होते. हा नियम मी परीक्षेसाठी पाठ केला होता. त्याचा अर्थ मला मंगळवारी दुपारी कळला.

आता मला फक्त तूच सांगू शकतेस. त्या २२ पैकी शिमग्याला किती मुलं परत आली?

हर्षाली


तांबडपाडा
९ जुलै

हर्षाली,

आठवडाभर हे पत्र खिशात घेऊन फिरले. भाताची आवणी चालू आहे, सगळा पाडा चिखलात वाकलेला. तू विचारलंस ते विचारायला मला कुणाकडे जावं लागलं नाही. मला माहीत होतं.

अठरा आली. चार नाही आली.

मी खोटं लिहिलेलं नाही, हे आधी समजून घे. मूल आईबापाबरोबर गाव सोडून गेलं की मी 'स्थलांतरित' लिहिते, आलं की पुढे 'परत' लिहिते आणि राहिलेली लस देते. जे आलं नाही त्याच्यापुढे काही लिहायचा रकानाच नाही. मृत्यू माझ्या हद्दीतला नाही, कागद माझ्याकडे नाही. मी वरच्या बाईंना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "जिथं गेलं तिथं लागलं असेल, तू कशाला स्वतःच्या गळ्यात घेतेस?" मी घेतलं नाही. प्रशस्तिपत्र घेतलं. जानेवारीत इथे लसीकरणाला माझ्यासमोर तीन म्हाताऱ्या आणि एक कुत्रं बसलेलं असतं. पाड्यात मूलच नाही तर दगावेल कोण? असं आहे ते शून्य.

चौघांचं लिहून ठेव. भिमाजी गावितचा मुलगा, पाच महिन्यांचा, दिंडोरीकडे दगावला. पुंजा भोयेच्या घरचा, सात महिन्यांचा, आणि सोमा पवारची मुलगी, तीन महिन्यांची, दोघंही तुझ्या गाव क्रमांक सातला. सगळी थंडीत. ताडपत्रीच्या झोपडीत आजारी पडली, किंवा भिंतीच्या खोलीत, पण दार नसलेल्या.

चौथी कुसाबाईची मुलगी. आठ महिन्यांची. तीही सातलाच. जानेवारी २०२४, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी.

तू गावाला नंबर दिलास, पण ते तुझंच गाव हे मी पहिल्या पत्रातच ओळखलं होतं. इथे कुणी त्याला नंबराने ओळखत नाही. पाड्यातली पाच घरं दर वर्षी तिथे जातात. दोन घरं योगेशभाऊंच्या मळ्यावर जातात. योगेशभाऊ म्हणजे तुझा भाऊ. हे मला वसतिगृहात असल्यापासून माहीत आहे; तुझ्या डब्यातल्या द्राक्षांचे घड आमच्या बायांनी विरळलेले असायचे. मी कधी बोलले नाही. तूही विचारलं नाहीस की तुमच्याकडचे मजूर कुठले.

कुसाबाई जे सांगते ते लिहिते. पोरीला दम लागला म्हणून ती दुपारी बंगल्याच्या मागच्या दाराला गेली. "चष्मेवाली ताई होती," म्हणते. "तिनं पोरीकडं बगितलं. म्हंगली, भाऊ सहापोत येईल." भाऊ येईपर्यंत पोर गेली. कुसाबाई रागाने सांगत नाही गं. एखाद्याने जीप चुकल्याचं सांगावं तसं सांगते. मला तेच सोसत नाही.

दीड वर्ष मी हे तुला विचारलं नाही. दोन वर्षं पत्र नव्हतं, त्यातल्या दीड वर्षाचं कारण हे. आता तूच आकडे मागितलेस म्हणून विचारते. ती चष्मेवाली तू होतीस का?

रोशनी


तांबडपाडा
२८ जुलै

हर्षाली,

सहादूभाऊ तीन फेऱ्या रिकामे आले. तिसऱ्या वेळी मला म्हणाले, "सिस्टर, मीच लिहू का काहीतरी?"

तू रागावली असशील तर रागावल्याचं लिही. पण बैठक तीन आठवड्यांवर आली. उपकेंद्रातलं सामान मोजायला एक माणूस येऊन गेला. खाटा, वजनकाटा, फ्रीज, सगळं लिहून नेलं. काल वरच्या वस्तीवरची एक बाई, सातवा महिना, पाय सुजलेले, माझ्याकडे दीड तास चालत आली. रक्तदाब पाहून मी तिला ठेवून घेतलं आणि गाडी मागवली. ती अकरा किलोमीटर अजून चालली असती का, ते तुझ्या तक्त्यात कुठे बसतं ते मला सांग.

रोशनी


नाशिक
४ ऑगस्ट २०२५

रोशनी,

हो, ती मी होते.

१६ जानेवारी २०२४, दुपारी तीनच्या सुमारास. मी संक्रांतीसाठी घरी आले होते. आमची गाडी योगेश घेऊन गेला होता, हे खरं आहे. शेजारी सुवर्णाकाकूंच्या अंगणात गाडी उभी होती, हेही खरं आहे. मला गाडी चालवता येते. मी त्यांच्याकडे मागितली नाही. त्या वेळी मला ते मजुरांचं आणि योगेशचं काम वाटलं. बाळाचा श्वास जलद होता, ते मी पाहिलं. मोजला नाही. योगेश संध्याकाळी सात वाजता आला, तोवर बाळ गेलं होतं. बुधवारी सकाळी मी नाशिकला निघाले तेव्हा खोली रिकामी होती आणि आई म्हणाली, "गेली ती, गावाला." मी पुढे विचारलं नाही.

ती तांबडपाड्याची होती हे मला तुझ्या पत्रातून कळलं. पण सातच्या नोंदींमध्ये एक मृत्यू कमी आहे, हे तक्ता करताना मला माहीत होतं. मी तो शोधला नाही. रागावले नव्हते. तीन आठवडे मी पुढची कामं करत होते आणि एक काम टाळत होते.

केलेली कामं अशी. वय आणि महिना ताडून तुझ्या चौघांपैकी तिघांची नोंद सापडली : दोन सातमध्ये, एक दिंडोरी तालुक्यात. सातच्या पाचातले उरलेले तीन पेठकडच्या पाड्यांचे दिसतात. म्हणजे तांबडपाड्याचा खरा आकडा ३९ जन्मांमागे चार. आणि सातमध्ये कायम राहणाऱ्या घरांतला आकडा शून्य. आमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. उत्पन्न वाढलं की बालमृत्यू कमी होतात का? आमच्या गावात झाले. आमच्या मुलांचे झाले. ज्यांच्या हातांनी उत्पन्न वाढलं त्यांची मुलं आमच्याकडे मेली, आणि तुमच्याकडे त्यांचं शून्य झालं. ते शून्य दाखवून मी तुमचं उपकेंद्र हलवायला मदत केली.

हे घेऊन मी आणि शेखर सर समितीच्या अध्यक्षांना भेटलो. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "मॅडम, या तीन नोंदींत बापाची नावं तांबडपाड्याच्या रजिस्टरशी जुळत नाहीत, पत्ता मळ्याचा आहे. ही मुलं तांबडपाड्याचीच, हे कशावरून?" मी म्हणाले, नर्सचं रजिस्टर. ते म्हणाले, "नर्सला उपकेंद्र हवंच असणार. मळ्याच्या बाजूच्या कुणीतरी लिहून दिलेलं एक प्रकरण आणा. एक आणलंत तर मी बैठक पुढे ढकलतो आणि सगळ्यांची चौकशी लावतो." जाताना सर मला म्हणाले, "मळेवाला कशाला लिहून देईल?"

रविवारी घरी गेले. योगेश गोठ्यामागे फवारणीचा पंप धूत होता.

"सही कर," मी म्हणाले. "त्या दिवशी आपल्या मळ्यावर बाळ गेलं, एवढंच."

"दीड वर्षानं? उद्या कुणी म्हणेल, आम्ही मारलं."

"कुणी म्हणत नाही. थंडीनं गेलं. खोलीला दार नव्हतं."

"दार लावलं की आता."

"तेव्हा नव्हतं."

त्याने पंप उलटा करून पाणी ओतलं आणि म्हणाला, "ताई, तू त्या दिवशी घरी होतीस. मी नव्हतो. मला कशाला विचारतेस?"

हे त्याचं बरोबर होतं. वर्ष उलटून गेल्यामुळे आता उशिराच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि अर्जासोबत प्रतिज्ञापत्र. त्या दिवशी घरात हजर असलेली सज्ञान व्यक्ती म्हणून ते मी देऊ शकते. मसुदा तयार आहे. कुसाबाई मागच्या दाराला आली, काय म्हणाली, मी काय म्हणाले, आणि शेजारी गाडी होती, हे सगळं त्यात आहे. वकिलांनी शेवटचं वाक्य काढायला सांगितलं. मी ठेवलं.

जेवायच्या वेळी योगेश आणखी एक वाक्य बोलला, तेही तुला कळायला हवं : "तिनं अंगठा दिला तर यंदा त्यांनी दुसरा मळा बघावा." तो खरंच तसं करेल की नाही, मला सांगता येत नाही. आईने त्याला गप्प केलं नाही. मलाही जाताना 'परत कधी येशील' असं विचारलं नाही.

प्रतिज्ञापत्र मी कुसाबाईला न विचारताही देऊ शकते. तसं करणार नाही. एकदा तिच्या वतीने मी ठरवलं आहे, की सहापर्यंत थांबता येईल.

तेव्हा तिला विचार. आवणी संपली असेल तर घरी जाऊन, घाई न करता. हे पत्र वाचून दाखव, योगेशचं वाक्यही. ती हो म्हणाली तर उपकेंद्र राहण्याची शक्यता आहे, खात्री नाही. तिच्या घराला यंदाचं काम शोधावं लागेल. त्यात मी मदत करेन, पण मिळेलच असं वचन देत नाही. ती नाही म्हणाली तर मी कारण विचारणार नाही, आणि तूही विचारू नकोस. मग १८ तारखेला मी तीन नोंदी घेऊनच बोलेन.

सोबत अर्ज जोडला आहे. खूण केली आहे तिथे तिचा अंगठा. मुलीच्या नावाचा रकाना रिकामा ठेवला आहे, कारण तुझ्या रजिस्टरात 'कुसाबाईची मुलगी' एवढंच आहे. घरात तिला कोणत्या नावाने हाक मारत होते, ते लिहून घे.

हो असेल तर अर्ज, नाही असेल तर तसं एका ओळीत, सहादूभाऊंच्या जीपने पाठव. मी पेठ फाट्यावर स्वतः येऊन घेईन. उत्तर मला गुरुवार, १४ ऑगस्टपर्यंत हवं आहे.

हर्षाली